एकटी कशी फळू?

एकदा काय झालं, एक होती माळीण. नाव गिरजा. हाताला असा गुण, की वाळकी काडी लावली तरी फुटायची. पण पोटी लेकरू नव्हतं, बरं का. झुरून झुरून अर्धी झाली होती बिचारी. मग दारी एक गोसावी आला. त्यानं भोपळ्याची एकच बी दिली. म्हणाला, "हिचा जो भोपळा पिकेल, त्यात तुझी लेक."

गिरजेनं मळ्यात मका, चवळी नि झेंडूच्या मधोमध बी लावली. वेल सरसर वाढली. आणि बाईच्या डोक्यात भलतंच शिरलं! म्हणे, माझ्या लेकीच्या तोंडचं दुसऱ्या कुणी खायला नको. मग घेतलं खुरपं. आधी मका काढला. वेलीनं उन्हात मान टाकली. मग चवळी काढली. पानं पिवळी पडली. तरी अक्कल आली का? छे! मग झेंडू उपटला, आणि थोरल्या जावेची नजर लागेल म्हणून भोवती काटेरी कुंपण घातलं. ही जाऊ म्हणजे ठकू, सहा लेकरांची आई.

मग फुलं आली. पण झेंडूच नाही, तर मधमाशी कशाला फिरकतेय? पहिल्या फुलामागं बोराएवढा भोपळा धरला, सडला, गळला. दुसराही गळला. गिरजेनं तो पदरात घेतला नि ऊर बडवून घेतला. "माझ्याच हातानं गं! माझ्याच हातानं!" खरंच होतं ते. समजूत तरी कोण कशी घालणार? तिचं अन्नपाणी सुटलं.

मग उरली शेवटची कळी. तेव्हा वेल बोलली, "बाई गं, मी एकटी कशी फळू?"

गिरजा उठली. हातानंच कुंपण मोडलं. रक्ताळल्या हातांनी जावेच्या दारात उभी राहिली. "जाऊबाई, तुमच्या लेकरांवर जळत होते मी. मला थोडा झेंडू द्या हो."

ठकू म्हणाली, "रडतेस काय? चल, खड्डे खण." तिनं फुललेला झेंडू मुळाच्या मातीसकट आणला. पोरांनी पाणी घातलं.

सकाळी कळी उमलली. मधमाश्या आल्या. तीनच आल्या, पण आल्या! मग भोपळा धरला, वाढला, पिकला, आपणहून तडकला. आत एवढीशी पोर!

सगळी सुखानं राहिली. गळलेल्या दोघींचीही गिरजेनं नावं ठेवली होती, पण ती कुणाला सांगायची नाही. आणि लेकीला तिनं कधी एकटं निजवलं नाही. ठकूच्या सहांच्या रांगेत ही सातवी.

चला, सरका जवळ. धाकटीला मधे घ्या, आणि मिटा डोळे.