तुटक्या तुऱ्याचा कोंबडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते बोरपाणंद गावात विचारायला जाऊ नका. म्हातारा सांगेल शंभर वर्षं झाली, म्हातारी सांगेल काल-परवाची, आणि दोघं भांडत बसतील. एवढं खरं की तेव्हा जगात मोठी लढाई पेटली होती, नदीकाठची गुऱ्हाळं बैलांवर चालत होती, आणि कोल्हापूरजवळ, बोरपाणंदीच्या माळावर एके दिवशी गोऱ्या माणसांचं अख्खं गाव येऊन उतरलं.

ती माणसं पोलंड नावाच्या देशाची. बहुतेक बायका नि मुलंच. पुरुष लढाईत गेलेले, घरदार शत्रूनं घेतलेलं, आणि या बायकामुलांना आगगाडीत कोंबून बर्फाच्या मुलखात नेऊन टाकलेलं. तिथून सुटून, बारा गावचं पाणी पीत ती इथवर पोचली. माळावर त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली.

छावणीच्या कुंपणाला लागून म्हाळसा धनगरणीची मेंढरं बसायची. म्हाळसा तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. एकदा ती लोकर कातरत असताना तिला वाटलं, कोणीतरी बघतंय. मान वर करते तो कुंपणापलीकडे एक उंच बाई. अंगात ठिगळं लावलेला झगा, पण उभं राहणं असं की मागं दोन दासी चवऱ्या ढाळत असाव्यात. बाईची नजर म्हाळसाच्या हातातल्या कातरीवर, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"काय वो बाई, मेंढरू दुखतंय म्हणून रडालाय काय? न्हाई दुखत त्याला," म्हाळसा म्हणाली.

बाईनं कातरीकडे हात केला. म्हाळसानं दिली. खिशातून बाईनं चहाच्या पुडीचा तांबडा कागद काढला, दुमडला, आणि त्या हातभर कातरीनं, रेघ न मारता, तो कापायला घेतला. मेंढीची लोकर निघावी तशी कागदाची कात्रणं निघाली. कागद उलगडला तेव्हा मधोमध एक झाड होतं नि झाडाच्या दोन बाजूंना दोन कोंबडे एकमेकांकडे बघत उभे होते. म्हाळसाची मेंढरंसुद्धा चरायची थांबली, असं म्हणतात.

तिचं नाव ब्रोनिस्लावा. एवढं नाव घेईपर्यंत मेंढरू दुसऱ्याच्या रानात शिरेल, म्हणून म्हाळसानं तिला ब्रोनाबाई केलं. पुढं सगळ्या गावानं कातरबाई केलं, आणि तेच टिकलं.

ब्रोनाबाई मोठ्या सरदार घराण्यातली. दोन पावसाळ्यांत ती मराठी शिकली, मोडकी पण गोड, आणि मेंढरांत बसून म्हाळसाला आपल्या घरच्या बायकांच्या गोष्टी सांगू लागली. तिची पणजी वीणेसारखं एक उभं वाद्य वाजवायची. राजा मेला तेव्हा तिनं सात दिवस वाजवलं आणि नंतर त्याला कधी हात लावला नाही. तिची आत्या चित्रकार. तिनं देवळात संतांची चित्रं काढली, पण तोंडं दिली आपल्या घरच्या धोबिणीची, गोठेवाल्याची, माळ्याची. सरदार मंडळी रागावली, तेव्हा म्हणाली, "पुसायचं असेल तर आधी धोबिणीला विचारा." आणि आजी? आजीनं घरच्या मोठ्या दालनात गावच्या पोरींची शाळा काढली आणि मुलीपासून सुनेपर्यंत सगळ्यांना शिकवायला बसवलं.

"आणि तुमी?" म्हाळसानं विचारलं.

ब्रोनाबाई हसली. तिलाही पियानो शिकवला, चित्रं शिकवली. पण तिचा जीव रमायचा तो स्वयंपाकघरात, दाईपाशी. दाई शेतकऱ्याघरची. मेंढ्या कातरायच्या कातरीनं ती कागदाचे कोंबडे कापायची, नि सणाला भिंती सजवायची. सरदाराच्या लेकीनं हे असलं करावं, म्हणून आई रागवायची. पुढं पियानो शत्रूनं जाळला, चित्रं लुटली, दागिने बर्फात भाकरीच्या तुकड्यांपायी गेले. दाईनं शिकवलेलं तेवढं उरलं, कारण ते बोटांत होतं.

पण ती रडली होती ते यासाठी नव्हे. तिला एक लेक होती, हालिंका नावाची. बर्फाच्या मुलखातून सुटून येताना वाटेत कुठल्याशा स्टेशनावर गाडी थांबली. लेक आठ वर्षांची, थंडीनं निळी पडलेली. "आई, गरम पाणी," म्हणाली. ब्रोनाबाई किटली घेऊन उतरली. रांग मोठी होती. पाणी मिळालं, वळून बघते तो गाडी गेलेली. किटली तेवढी हातात वाफाळत होती.

तेव्हापासून तिनं किती कचेऱ्यांना पत्रं लिहिली त्याला गणती नाही. कोणी म्हणे मुलगी इराणात असेल, कोणी म्हणे आफ्रिकेत, कोणी काहीच म्हणेना. हे ऐकलं आणि म्हाळसानं आपली जास्तीची कातर ब्रोनाबाईच्या मांडीवर ठेवली.

मार्ग काढला तो गुऱ्हाळाच्या बाळगोंडानं, आणि तोही बढाई मारता मारता. रस आटवायच्या काहिलीपाशी उभा राहून तो सांगत होता, "आमचा गूळ कुठं जात न्हाई? गुजरातेत जातोय, काठेवाडात जातोय, कराचीसनं जहाजात बसून पार तिकडं जातोय!"

ब्रोनाबाईनं हे ऐकलं आणि ती जागची उठली. म्हणाली, "बाळगोंडाअण्णा, तुमच्या गुळाच्या ढेपेबरोबर माझा कोंबडा जाईल?"

"जाईल की! त्याला काय तिकीट लागतंय?"

त्या हंगामापासून बोरपाणंदीची प्रत्येक ढेप फडक्यात बांधली की सुतळीखाली एक तांबडा कागद खोचला जाऊ लागला. झाड आणि दोन कोंबडे. ब्रोनाबाई उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत कापायची. तिच्या कातरीचा आवाज ऐकून बैल पावलं टाकायचे, असं म्हणतात. एक हंगाम गेला, दुसरा आला. गूळ गेला, कोंबडे गेले, कुठून काही आलं नाही. तरी ती कापतच राहिली.

आता इथं एक गंमत लक्षात ठेवा. तिच्या कोंबड्यांच्या तुऱ्याला चारच टोकं असायची. दोन इकडं, दोन तिकडं, आणि मधली जागा रिकामी, दात पडलेल्या पोरासारखी. म्हाळसानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. तिला वाटलं, बाईंचा हात घसरतो. दुसऱ्या वर्षी वाटलं, बाईंची नजर अधू झाली. पण विचारायचं कसं? एवढ्या मोठ्या घरची बाई, तिला तिचीच चूक दाखवायची? फटकळ माणसालाही कधीकधी नको तिथं भीड पडते.

संक्रांत जवळ आली. वर्षातला सगळ्यांत मोठा माल तेव्हाच जातो. आणि नेमकी ब्रोनाबाई हिवतापानं पडली. पंधरा दिवस शुद्ध नाही. म्हाळसानं पदर खोचला. धनगरवाड्यावरच्या बायका जमवल्या, घरोघरच्या कातरी काढल्या. या बायकांचे हात जन्मभर कातरीवर बसलेले, चार दिवसांत कोंबडा जमला. आणि म्हाळसा त्यांना म्हणाली, "पोरींनो, तुरा पुरा काढा. पाच टोकं. सणाचा गूळ लोकांच्या देवापुढं जाणार, त्यावर भंगलेलं चित्र नको. बाईंस्नी बी बरं वाटंल."

एकूण एक कोंबडा पुऱ्या तुऱ्याचा निघाला. देखणे झाले होते, त्यात शंका नाही.

ब्रोनाबाईचा ताप उतरला त्या दुपारी ती भिंत धरत धरत गुऱ्हाळात आली. गाड्या सकाळीच स्टेशनाकडं गेलेल्या. म्हाळसानं कौतुकानं एक उरलेला कागद तिच्या हातात दिला. ब्रोनाबाईनं तुऱ्यावरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा फिरवलं. मग ती उसाच्या चिपाडांवर मटकन बसली.

"हालिंका पाच वर्षांची होती," ती म्हणाली. "माझ्या हातातून कातर ओढली. मधलं टोक कापून टाकलं. कागद दुमडलेला, म्हणून दोन्ही कोंबड्यांचं गेलं. खूप रडली. मी म्हटलं, रडू नको, आजपासून आपल्या घरचा कोंबडा असाच. म्हाळसा, असा कोंबडा आख्ख्या पोलंडात कोणी कापत नाही. पुऱ्या तुऱ्याचे हजार आहेत. ती बघेल आणि म्हणेल, कोणाचा तरी आहे."

 म्हाळसानं इतकी वर्षं जे विचारलं नाही, ते एका शब्दानं कळलं असतं. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं कातर उचलली, वाड्याकडं तोंड केलं आणि अशी हाळी दिली की नदीपलीकडचे बगळे उडाले.

धनगरणी निघाल्या. दोन कोस वाट, भर दुपार. मेंढरं उघड्यावर सोडून, चुलीवरच्या भाकरी तव्यात ठेवून, कमरेला कातरी खोचून सगळ्या पळत सुटल्या. नुकतीच तापातून उठलेली ब्रोनाबाई सगळ्यांच्या पुढं होती, असं म्हणतात.

स्टेशनात मालगाडी भरून तयार होती. स्टेशनमास्तर आडवे आले. "गाडी म्हणजे तुमची मेंढरं आहेत काय, थांब म्हटलं की थांबायला? वेळ झाली!"

"मास्तर," म्हाळसा म्हणाली, "तुमची लेक हरवली असती तर तुमी घड्याळ बघितलं असतं काय?"

मास्तर बाजूला झाले. पण गार्डानं निशाण दाखवलंच होतं. इंजिनानं शिट्टी दिली. आणि तेवढ्यात, बोरपाणंदीतलं शेंबडं पोरही शपथेवर सांगेल, डब्याडब्यांतून कागदाचे कोंबडे आरवले. भर दुपारी, एका सुरात. इंजिन फुसफुसलं, चाकं जागच्या जागी फिरली, गाडी काही हलेना. ड्रायव्हर खाली उतरून कोळसा तपासू लागला.

तेवढ्या वेळात बायका डब्यांत चढल्या. सुतळीखालचा कागद ओढायचा, दुमडायचा, कच्चकन मधलं टोक उडवायचं, परत खोचायचा. कातरींचा आवाज असा झाला की जणू स्टेशनावर टाळ वाजताहेत. शेवटच्या ढेपेवरचं टोक उडालं आणि त्याच क्षणाला चाकांनी रूळ धरला. फलाटावर तांबडी टोकं विखुरली होती, लग्नातल्या अक्षतांसारखी. म्हाळसानं एकूण एक वेचून पदरात बांधली. आपली चूक आपल्यापाशी असलेली बरी, असं ती म्हणे.

संक्रांत झाली. काही आलं नाही. माघ सरला, हंगामातला शेवटचा रस काहिलीत पडला.  ब्रोनाबाई नि म्हाळसा शेजारी बसून कापायच्या.

होळीच्या आदल्या सकाळी छावणीची गाडी गुऱ्हाळापाशी थांबली. आतून एक अकरा-बारा वर्षांची मुलगी उतरली, काखेत पत्र्याची पेटी. काठेवाडात समुद्राकाठी पोरक्या पोलिश मुलांची एक छावणी होती. तिथल्या आचाऱ्यानं संक्रांतीला ढेप फोडायला घेतली आणि सुतळीखालचा तांबडा कागद चुलीत टाकला. ही पोर धावली आणि तिनं चुलीत हात घातला. हाताला चटका बसला, पण कागद वाचला, असं म्हणतात. ढेप कुठल्या गावची, ते मोठ्यांनी फडक्यावरच्या शिक्क्यावरून काढलं.

तिच्या मुठीत तो करपलेला कागद होता.  गुऱ्हाळाच्या दारावर ब्रोनाबाईनं चिकटवलेला कोंबडा होता, त्याच्या तुऱ्यातल्या रिकाम्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

ब्रोनाबाई आत काहिलीखालच्या चुलवणापाशी होती. ती वळली. चार वर्षं झाली होती. पोर उंच झाली होती, केस आखूड, तोंड उन्हानं रापलेलं.  मग मुलीनं आपल्या भाषेत विचारलं, आणि ते काय होतं ते म्हाळसाला भाषा न येताही समजलं.

"आई, पाणी मिळालं?"

म्हाळसानंच चुलवणावरच्या हंड्यातून तांब्याभर गरम पाणी काढलं, त्यात गुळाचा खडा टाकला आणि ब्रोनाबाईच्या हातात दिलं. ब्रोनाबाई तांब्या घेऊन दाराशी धावली, त्यात निम्मं सांडलं. उरलेलं लेक उभ्या उभ्या प्याली.

"मिळालं," आई म्हणाली. "मिळालं गं. ये."

लढाई सरली, छावणी उठली, माणसं जहाजानं कुठं कुठं पांगली. जाताना ब्रोनाबाईनं म्हाळसाची कातर परत केली आणि म्हाळसानं ती परत तिच्याच पेटीत घातली. त्यांची भेट पुन्हा झाली नाही.

बोरपाणंदीत आज गुऱ्हाळं विजेवर चालतात. तरी हंगामाच्या पहिल्या ढेपेवर तांबडा कोंबडा लागतो. तो बायका कापतात, आणि तुऱ्याचं मधलं टोक गावातल्या सगळ्यांत लहान लेकीच्या हातून उडवतात. लेक सासरी निघाली की तिच्या पेटीत तसाच एक कोंबडा जातो, आणि कापलेली दोन टोकं आई आपल्या हळदीच्या करंड्यात ठेवते.

आणि माहेरी आलेल्या लेकीला सगळा मुलूख गूळ नि गार पाणी देतो, बोरपाणंद देते गरम. मग वैशाखाचं ऊन असो, लेक मोटारीतून उतरलेली असो, नाहीतर तिच्या हातात थंडगार बाटली असो. उंबऱ्याबाहेर थांबून ती विचारते, "आई, पाणी मिळालं?"

आई आतून तांब्या घेऊन येते, पदरानं धरलेला, वाफ निघणारा. म्हणते, "मिळालं गं. ये."