उपाशी बैलांची इर्जिक

पळसगोंडीच्या शिवारात उभं राहिलं तर चहूकडे ऊस दिसतो, उसाच्या पलीकडे डाळिंब, आणि या सगळ्याच्या मधोमध एक लांबट पट्टा नुसत्या गवताचा. पाण्याचा पाट त्याला खेटून जातो. माती अशी की काठी रोवली तरी फुटावी. नवा पाहुणा हटकून विचारतो, एवढं सोन्यासारखं रान मोकळं का सोडलंय? बांधावरचं कुणीही मग सांगतं, ते हौश्या-चंदऱ्याचं रान, तिथं नांगर टेकत नाही. नांगरत आलेला ट्रॅक्टर पट्ट्याशी आला की ड्रायव्हर फाळ वर उचलतो आणि पार झाल्यावर खाली सोडतो. परगावचा ड्रायव्हर असला तर चार जण ओरडून त्याला उचलायला लावतात.

फार मागे म्हणे इथं शेती अशी नव्हतीच. ओढ्याकाठी बाजरीचे, हुलग्याचे चार तुकडे, बाकी सगळं कुरण. त्यात बसलेली गाय दिसायची नाही, असं गवत. मग कापसाचे दिवस आले. कुठल्याशा दूरच्या मुलखात कापसाला भाव चढला आणि इथं पळसगोंडीला वेड लागलं. एका वर्षी ओढ्यापासून टेकाडापर्यंतचं गवत गेलं, पुढच्या वर्षी टेकाडापलीकडचं. जुन्या गवताची मुळी चिवट, एका जोडीला दाद देत नाही. तिला चार जोड्यांचा थोरला नांगर लागायचा, आणि तेवढे बैल एका घरी कुठले असायला? म्हणून इर्जिक घालायची. ज्याचं रान मोडायचं त्यानं गावाला जेवू घालायचं, गावानं आपापले बैल आणून त्याचं रान नांगरून द्यायचं. मटणाच्या रश्श्यावर कुरणं मोडली हो सगळी!

त्या थोरल्या नांगराला सगळ्यात पुढे जुंपायची ती हैबतीची जोडी, हौश्या आणि चंदऱ्या. हैबतीच्या नांगराचं तास दोरी लावल्यासारखं सरळ निघे, आणि त्याची त्याला मोठी ऐट. चंदऱ्याची आई वितानाच मेली होती. हैबतीच्या बायकोनं, ठकूनं, त्याला बोटानं दूध चाटवून वाढवला. अंगणातून तिनं नुसती हाक मारली तरी तो गोठ्यात मान वळवायचा. हैबतीनं त्याच्यावर कधी आसूड उगारला नव्हता. उगारायची वेळच आली नव्हती म्हणा.

तिसऱ्या वर्षी मात्र हैबतीच्या ध्यानात आलं की काहीतरी चुकतंय. कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जातात, बैलाच्या पोटात जात नाहीत. बाजरी नाही म्हणून सरमाडाचा चारा नाही, कुरण नाही म्हणून गवत नाही. बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. गावात कुणाचा बैल बसला की उठत नव्हता. उरला होता फक्त गोंदाजी पाटलाच्या मालकीचा हा एक पट्टा, आणि त्यावरच सगळ्यांची जनावरं तगून होती. हैबती पाटलाकडे गेला, म्हणाला, "एवढं तेवढं राहू द्या, पाटील."

"गवताला काय भाव मिळतोय रं?" पाटील हसला. "तुझी बैलं जरा हाडकलीत म्हणून म्या रान पडीक टाकू व्हय?"

आठवड्याभरात पाटलानं इर्जिकीचं आवतण फिरवलं. न जावं तर हैबतीच्या शेतावर उद्या कोण येणार? निमूटपणे त्यानं जोडी सोडली आणि निघाला.

पाटील भारी धूर्त गडी. एरवी इर्जिकीचं जेवण काम उरकल्यावर व्हायचं. त्यानं या खेपेला आधीच पंगत बसवली. पोटात अन्न गेलं की माणूस अर्ध्यातून उठून जात नाही, हा त्याचा हिशेब. रस्सा झणझणीत होता म्हणे. माणसं बोटं चाटत उठली. बैल दावणीला उपाशी उभे होते, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. हैबतीचंसुद्धा.

नांगर जुंपला आणि पट्ट्याच्या कडेला आला. पुढच्या जोडीच्या पायाला गवत लागलं, तसे हौश्या-चंदऱ्या थांबले आणि जुवासकट माना खाली घालून चरायला लागले. मागचे बैल अडले. आरडाओरड सुरू झाली. पाटील ओरडला, "हान की रं!" सगळा गाव बघतोय, आपल्याच जोडीपायी नांगर अडलाय, हैबतीला लाज लाज झाली. त्यानं आसूड ओढला. तो चंदऱ्याच्या पाठीवर बसला. चंदऱ्या हलला नाही. पाठीवर वळ उठला आणि तोंड गवतातच होतं.

मग हैबतीचा हात पुन्हा वर गेलाच नाही. त्यानं जोडी सोडली.

"माझं अन्न हाय तुझ्या पोटात, हैबती," पाटील म्हणाला.

"हाय की," हैबती म्हणाला. "जेवलो म्या. बैलं कुठं जेवलीत? जेवला त्यानं ओढावं."

आणि त्यानं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. वाढायला आलेल्या बायकांतून ठकू पुढे आली आणि दुसऱ्या बाजूला उभी राहिली. चार जोड्यांचा नांगर तो, मागचे बैलही अडलेले, दोघांनी कसला हलतोय? पण जेवले तर सगळेच होते. आधी एक म्हातारा उठला, त्यानं आपले बैल सोडले आणि जुवाखाली मान दिली. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी अख्खी पंगत नांगराला लागली. सांगतात की फाळ वीतभरसुद्धा सरकला नाही. मुळी तुटेना. आडदांड गडी तोंडाला फेस येऊन खाली बसले. अखेर पाटील पागोटं काढून जुवाखाली आला. त्यानं जोर लावला, खांद्याची साल निघाली, आणि तिथंच तो मटकन बसला.

"एवढं ओढत होती व्हय ही, रिकाम्या पोटी," तो म्हणाला. "माझ्या दारात माणसं जेवली आणि बैलं उपाशी राहिली. चरू द्या त्यांना. ह्या रानाला आता कुणी हात लावायचा न्हाई."

बैल पोटभर चरले. हौश्या पुढे पुष्कळ वर्षं जगला. चंदऱ्या मात्र चरता चरता खाली बसला आणि उठला नाही. ठकू त्याच्या पाठीवरच्या वळावरून हात फिरवत राहिली. तो गेला तेव्हा ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मारायचं नव्हतं हो त्याला." चंदऱ्याला त्याच गवतात पुरलं. हैबतीनं नंतर नांगर धरला, पण आसूड कधी धरला नाही.

पुढे कापूस गेला, भुईमूग आला. भुईमूग गेला, कालवा आला आणि उसानं शिवार गिळलं. गावात आता बैल औषधालाही नाही. तरी आजही पेरणीआधीच्या एका सोमवारी पळसगोंडीत सकाळपासून चूल पेटत नाही. शेजारच्या गावातून टेंपोत घालून एक जोडी आणतात आणि या पट्ट्यात मोकळी सोडतात. सगळं गाव बांधावर उपाशी बसतं, पाटलाचं घरसुद्धा. बैल आपण होऊन गवतातून तोंड वर काढतील तेव्हा जेवायचं. कधी जोडी हावरी निघते, दुपार टळून जाते. पोरं भुकेनं रडकुंडीला येतात, हाकला त्यांना म्हणतात. तेव्हा कुणीतरी म्हातारी पोराला मांडीवर ओढते आणि दटावते, "गप बस. त्यांचं व्हायचंय अजून."