घरगाडीची अर्धी गोष्ट

फार पूर्वी, बंगले एकमेकांशी बोलायचे तेव्हा, एका टेकडीवर सात बंगल्यांची सोसायटी होती. 'श्रमसाफल्य' हा सगळ्यांत थोरला, म्हणून तोच अध्यक्ष.

एकदा धाकट्या 'पारिजात'च्या अंगणात एक घरगाडी राहायला आली. तिच्या पोटात बिछाना होता, शेगडी होती, खिडक्यांना पडदेही होते. रोज संध्याकाळी ती पाहिलेल्या गावांच्या गोष्टी सांगायची आणि बंगल्यांच्या खिडक्या आपोआप उघडायच्या.

अंगण पारिजातचं, पण दुखायला लागलं श्रमसाफल्यच्या पोटात.

"चाकांचं घर सोसायटीत उभं करायचं नाही, असा ठराव आहे," तो गरजला.

"दादा, तिची कुणाला अडचण होतेय?" पारिजातने विचारलं.

"नियम म्हणजे नियम!"

घरगाडी तेव्हा एका घाटाबद्दल सांगत होती. तिथे ढगांचा एक कळप रस्ता ओलांडायला थांबला होता. गोष्ट तिथेच सोडून ती निमूट फाटकाबाहेर गेली.

फाटकाला कुलूप लागलं. खिडक्या मिटल्या. बरेच दिवस गेले.

एका संध्याकाळी श्रमसाफल्यने हलकेच हाक मारली, "पारिजात, त्या ढगांचं पुढे काय झालं रे?"

पारिजात कुलपाकडे बघत म्हणाला, "तेच ती सांगणार होती, दादा."