अंगणातला प्रसाद

रणदिवेसाहेबांना आपल्या कारखान्याची वेबसाइट साऱ्या जगाला दाखवायची होती, तीही कारखान्यातल्याच सर्व्हरवरून. पण फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या संरक्षक भिंतीच्या, आत बाहेरचं चिटपाखरूही फिरकता कामा नये. वेबसाइट बघणारा सर्व्हरपर्यंत येणारच, हे नेटवर्क सांभाळणारी मृण्मयी समजवायला गेली, तर साहेब गरजले, "अक्कल चालवू नका. जमत नसेल तर राजीनामा द्या."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सत्यनारायण होता. साऱ्या गावाला आमंत्रण आणि फाटकाला कुलूप.

"कुलूप कोणी घातलं?" साहेब कडाडले.

"मी," मृण्मयी म्हणाली. "बाहेरचं कुणी आत नको ना?"

"अहो, फाटक उघडा, प्रसाद अंगणात वाटा आणि कारखान्याचं दार बंद ठेवा. एवढीही अक्कल नाही?"

"वेबसाइटचा सर्व्हरही तसाच दोन दारांमधल्या अंगणात ठेवते, साहेब. अक्कल कालही होती. हुकूम तेवढा आज मिळाला."