साऱ्या गावाने म्हणायचं मागणं

खाडीवर अजून पूल झाला नव्हता, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

खाडीकाठी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. गावाची भातशेती मातीच्या बांधाआड होती आणि बांधाला एक लाकडी दार होतं. भरती आली की दार खाली सोडायचं, ओहोटी लागली की वर ओढायचं. हे काम एका वयस्क माणसाकडे होतं. सगळे त्यांना दारवाले काका म्हणत.

एके दुपारी जेवणानंतर काकांचा डोळा लागला आणि भरतीचं पाणी आत घुसलं. शेतात दोन भाऊ राबत होते. त्यातला थोरला धावला, पाण्यात उतरला आणि त्याने दार खाली सोडलं. भात वाचलं. थोरला वाचला नाही. पाण्याने त्याला दाराजवळच्या दगडांवर आपटलं होतं.

धाकट्याने त्याला खांद्यावरून घरी आणलं. तेव्हापासून त्याच्या मनात एकच मागणं होतं. देवाने त्या झोपलेल्या दारवाल्याचे हात वाळवावेत.

त्या गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एक रीत होती. ज्याला काही मागायचं असेल त्याने रविवारी उभं राहून मोठ्याने मागायचं, आणि साऱ्या गावाने ते त्याच्याच शब्दांत त्याच्यामागून म्हणायचं. शब्द गाळायचा नाही, बदलायचा नाही. कुणाचंही मागणं एकटं देवाकडे जाऊ नये, म्हणून वाडवडिलांनी हे ठरवलं होतं.

शनिवारी पाद्रीबाबा घरी आले. "उद्या मागणार आहेस म्हणे. ये, शब्द नीट जुळवून देतो. तुला कुठे लिहितावाचता येतं?"

"वाचता येत नाही, बोलता येतं," धाकटा म्हणाला.

"काय मागणार आहेस?"

"उद्या ऐका. तुम्हालाही माझ्यामागून म्हणायचंच आहे."

आई चुलीपाशी बसली होती. "तुझ्या दादासाठी माग रे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणावर घसरू नकोस."

"दादाला आता काय लागतंय, आई?"

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

रविवारी देऊळ भरलं. काका अगदी मागे, भिंतीला टेकून होते. धाकटा उठला.

"देवा, माझा भाऊ गेला."

"देवा, माझा भाऊ गेला," गाव म्हणालं.

धाकटा दचकला. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, लेकुरवाळ्या म्हणाल्या, ज्यांना भाऊ नव्हता तेही म्हणाले. सगळ्यात शेवटी एक घोगरा आवाज मागून आला. त्याला ते चार शब्द संपवायला वेळ लागला. आवाज काकांचा होता.

धाकट्याने मूठ आवळली. "दार ज्याच्याकडे होतं तो झोपला."

गाव हलक्या आवाजात म्हणालं. काका स्पष्ट म्हणाले.

"त्याचे हात वाळू देत."

देऊळ गप्प झालं. पाद्रीबाबांनी मान खाली घातली. आईचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. मग मागून एकट्या काकांचा आवाज आला. "त्याचे हात वाळू देत."

धाकटा वळला. काका उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते.

"थांबलात का?" काका लोकांना म्हणाले. "पोराने मागितलंय. रीत आहे. म्हणा."

आईने मोठा श्वास घेतला. ती आता म्हणणार, हे धाकट्याला कळलं. दादा गेला त्या दिवशी त्याला वाटली नव्हती एवढी भीती त्याला वाटली.

"नको, आई," तो म्हणाला. "कुणी म्हणू नका."

त्याने पाठ केलेलं सगळं मागणं संपलं होतं. शेवटी तो अडखळत बोलला, "देवा, भरती रोज येते. आम्हाला सगळ्यांचे हात लागतात. ते राख."

"देवा, भरती रोज येते," गाव म्हणालं, आणि पुढचंही सगळं म्हणालं. या वेळी आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

धाकट्याचा राग त्या दिवशी गेला नाही. पुढे कितीतरी दिवस तो काकांशी धड बोललाही नाही. पण दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी तो बांधावर गेला आणि दाराचा दोर दुसऱ्या बाजूने धरला. तेव्हापासून त्या गावात दारावर नेहमी दोन माणसं असतात. एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा असतो. त्यानंतर त्या पाण्याने कुणाला नेलं नाही.

बोध इतकाच: ज्याच्याविषयी मागायचं त्याला सोबत घेऊन जे म्हणवत नाही, ते देवापाशी मागू नये.