बाळ मांडीवर घेऊन उठा

बाजारपेठेच्या एका गावात एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याला मधुमेहाने गाठले. तहान शमेना, अंगात त्राण राहीना, दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या डोळा लागे. घरात त्याची सून होती, नुकतीच लेकुरवाळी झालेली, जीवाला घोर लावून घेणारी. घरचा आजार आपल्याला कळलाच पाहिजे, एवढ्या एका ध्यासाने ती तान्ह्याला कडेवर घेऊन गावातल्या वृद्ध वैद्यांकडे जाऊ लागली. औषधे खलायची, ऐकायचे, मनात साठवायचे. वैद्यांनीही तिला शिष्या मानले होते. सासऱ्यांना पहाटे उठवून झपझप चालायला तिनेच लावले.

आणि गुण आला की! तहान आटोक्यात आली, चेहऱ्यावर पूर्वीचे तेज परतले. एके सकाळी चालून परतताना व्यापारी सरळ वैद्यांच्या ओसरीवर चढला. सून तिथे खल घेऊन बसलीच होती. बाळ आत झोळीत निजले होते.

"चालतंय, वैद्यबुवा, झकास चालतंय!" तो उपरण्याने घाम टिपत म्हणाला. "काल टांगेवाला विचारतो कसा, शेट, तुम्ही कुणाच्या मागे लागलात, की कुणी तुमच्या मागे लागलंय?"

वैद्य हसले. "मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, सूनबाई लागल्यात मागे!"

सून पदराआड हसली. व्यापारी पुढे म्हणाला, "आता एवढं चालणं पुरे ना? उगाच दंडबैठका सांगू नका बुवा, वय झालं माझं. उद्या नातवाचं उष्टावण. पाटावर बसून, त्याला मांडीवर घेऊन पहिला घास मी भरवणार. आणि तसाच उचलून देवापुढे नेणार. सगळ्या आळीला आमंत्रण आहे."

वैद्यांनी शिष्येकडे पाहिले. "तूच सांग, मुली. पुरे?"

"पुरे आहे, गुरुजी," ती ठामपणे म्हणाली. "मामंजींसारखं चालणारं गावात दुसरं कुणी नाही."

वैद्य "हं" म्हणाले आणि उठून आत गेले. थोड्या वेळाने ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातांत दुपट्यात गुंडाळलेले बाळ होते. कुंची नाकापर्यंत ओढलेली. "गाढ झोपलाय. दृष्ट नको लागायला," ते हळूच म्हणाले. भिंतीपासून, खांबापासून दूर, ओसरीच्या मध्यावर त्यांनी पाट मांडला. "बसा, शेट. उद्याची तालीम आजच करू."

व्यापारी पाटावर टेकला. टेकला कसला, शेवटच्या वीतभर उंचीवरून धपकन आदळलाच. वैद्यांनी गाठोडे त्याच्या मांडीवर ठेवले. "आता बाळ घेऊन उठा. हात टेकायचा नाही. हातांत बाळ आहे ना!"

"त्यात काय मोठंसं!" म्हणत व्यापाऱ्याने पाय जुळवले, जोर केला. उठला नाही. पुन्हा केला. मांड्या लटलट कापू लागल्या, चेहरा लाल झाला. सुनेच्या हातातला बत्ता थबकला.

"गुरुजी, मी धरते त्यांना..."

"जागची हलू नकोस."

तिसऱ्या खेपेस व्यापारी अर्धा उठला. गुडघे दुमडले, तोल गेला, आणि सवयीने त्याचा हात आधार शोधायला हवेत गेला. गाठोडे सुटले. ओसरीच्या फरशीवर धप्प असा आवाज झाला.

सून किंचाळली. त्या एका क्षणात तिने जे पाहिले ते तिला आयुष्यभर विसरता येणार नव्हते. वैद्यांचे दोन्ही हात सासऱ्यांच्या पाठीला आधार द्यायला गेले होते. बाळाकडे एकही हात गेला नव्हता.

ती गाठोड्यावर झेपावली, कुंची ओरबाडून काढली. आतून जोंधळे सांडले. भरभर, भरभर, सगळ्या ओसरीभर.

तिला काही उमजेचना. जोंधळ्यांत हात घालून ती बाळ शोधत राहिली. मग धावत आत गेली. झोळीत बाळ निजले होते, मूठ गालाशी, ओठ चोखल्यासारखे हलत होते. तिने त्याला उचलून असे घट्ट आवळले की ते रडायलाच लागले. त्याचे रडणे ऐकून बाहेर व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. गाठोड्यात बाळ नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

रडणाऱ्या बाळाला घेऊन ती बाहेर आली. आजवर गुरूंपुढे तिचा आवाज चढला नव्हता. "गुरुजी, काळीज फाटलं माझं! असं करतं का कुणी?"

"सांडलं काय, मुली? जोंधळे."

"मला कुठं ठाऊक होतं ते!"

"उद्या काय सांडलं असतं, तेही तुला ठाऊक नव्हतं," वैद्य म्हणाले. मग त्यांचा स्वर मऊ झाला. "धक्का फार मोठा दिला, कबूल आहे. पण नुसतं तोंडाने सांगितलं असतं, तर शेट हसले असते. आणि तूही."

व्यापारी पाटावर तसाच बसून होता. "म्हणजे माझं चालणं फुकटच गेलं का हो? यापुढे चालून चालणार नाही?"

"चालेल की! चालण्यानेच तर तुम्ही सावरलात, ते सोडायचं नाही. पण तेवढ्यावर भागणार नाही. असं पाहा, आपण खातो त्याची साखर रक्तातून फिरते. तिला उतरायला घरं लागतात. ती घरं म्हणजे आपले स्नायू. मांड्या, पाठ, खांदे, दंड. वय वाढतं तशी ही घरं खचतात, मधुमेहात तर अधिकच. चालण्याने साखर घरोघर पोहोचते, पण खचलेलं घर बांधून निघत नाही. ते भार पेलल्यानेच बांधलं जातं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला जोर लावणं, पाण्याची कळशी उचलून ठेवणं. एक दिवसाआड करा, सोसेल तेवढं, श्वास न कोंडता. आणि आधी मला छाती तपासू द्या, पायांची बोटं पाहू द्या. उद्याच जाऊन कापडाचे गठ्ठे उचलू नका!"

सून उभीच होती. बाळ शांत झाले होते. "पुरे" हा शब्द आपण किती सहज बोललो! मामंजींना चालताना तिने रोज पाहिले होते. बसायला दुकानातली उंच गादी, घरातला झोपाळा, जेवायला चौरंग. ते जमिनीवरून उठताना मात्र कितीतरी दिवसांत तिला दिसलेच नव्हते, आणि ते का दिसत नाहीत, हे तिच्या मनातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उष्टावणाला आळी लोटली. रांगोळी घातलेल्या पाटाकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणाले, "बसा शेट, नातू वाट बघतोय." सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. एवढ्या माणसांत मामंजी नाही म्हणतील?

व्यापारी पाटापाशी गेला. थांबला. मग त्याने व्याह्यांकडच्या घोळक्यातून बाळाच्या मामाला हाक मारली.

"तू बस. लेकरू तुझ्या मांडीवर घे. माझी मांडी अजून तयार व्हायचीय."

लोक हसले, त्यांना ती थट्टा वाटली. सून हसली नाही. चौरंगावर बसून, पुढे वाकून, सासऱ्यांनी नातवाच्या ओठांना खिरीचे बोट लावले, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

आपले माणूस किती भरभर चालते, हे आपण कौतुकाने पाहतो. ते खाली बसून उठते कसे, हेही एकदा पाहावे.