भुईचं तोंड

चपला इथंच काढा, पावण्यांनो, आणि कडेला जरा जपून या. जांभ्याच्या कातळात घागरीच्या तोंडाएवढं हे भोक दिसतंय ना, त्याला आमच्या पान्हेवाडीत भुईचं तोंड म्हणतात. हात घालून बघा, गार वारा लागेल. आणि काठावरचे हे ओरखडे? कातळावर नखं उमटतात का हो कधी? तीच तर गोष्ट आहे.

फार मागची. वाडीत आवडी नावाची सून आली, घाटावरची. तिच्या माहेरी तळी बांधणारी माणसं. तळं गळायला लागलं की चिकणमातीत भुसा कालवून गळती बुजवायची, हे ती रांगत होती तेव्हापासून बघत आलेली. इथं आली तर काय बघते, पावसाळाभर या उघड्या सड्यावर, म्हणजे या कातळाच्या माळावर, ढोपरभर पाणी येतं आणि सगळंच्या सगळं गुडगुड करत या भोकात जातं! तिचा जीव नुसता कळवळला. "आत्याबाई, एवढं पाणी वाया चाललंय आणि तुम्ही बघत बसलात?" सासू भिकाय मोठी शहाणी बाई, पण तिलाही ते पटलं. आवडीनं पदर खोचला, माती मळली आणि तोंड असं बुजवलं की मुंगी शिरायची नाही.

त्या वर्षी सड्यावर तळं झालं, म्हणे. म्हशी डुंबल्या, पोरं पोहली. जो तो म्हणायचा, सून असावी तर अशी. भिकाय तर वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायची, आमची आवडी, आमची आवडी!

आता खाली वाडीच्या डोक्याशी आमचा झरा आहे, त्याला पान्हा म्हणतात. वाडीचं नावच त्याच्यावरून पडलं. तो आटलेला कुणाच्या आज्यापणज्यानं पाहिला नव्हता. त्या वर्षी थंडी सरता सरता त्याची धार करंगळीएवढी झाली, मग नुसती टिपटिप, आणि शिमग्याला पान्हा कोरडा. वरच्या तळ्याचंही काही खरं नव्हतं. या कातळावर ऊन असं तापतं की पाणी बघता बघता वाफ होऊन जातं. खाली उरला हिरवा घाणेरडा चिखल. नदी पार दरीच्या तळाला, एक घागर आणण्यात बायकांचा दिवस जायला लागला. देवीला कौल लावला, कोंबडं दिलं, काही उपयोग नाही. शेवटी वाडी उठवायची ठरली.

आणि सगळ्यांच्या नजरा आवडीकडे. भिकायनं तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. एक दिवस बोलली, ते एवढंच, "हिला माहेरी पोचवा. पोर माझ्याकडं राहील." पोर अंगावर पिणारं हो! त्या आईच्या काळजाचं काय झालं असेल, ते मी कशाला सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी पहाटेच आवडी घरातली शेवटची घागर घेऊन इथं आली. जाण्यापूर्वी भुईच्या पाया पडावं एवढंच मनात होतं. नुसतं पाणी कसं वाहायचं, म्हणून तिनं चिमूटभर हळद घातली होती. तळ्यात उरलेल्या चार ओंजळींतून वाफ उठत होती आणि आभाळात जिरत होती. ती बघत राहिली. स्वतःला पोटभर पाणी मिळेना तेव्हापासून तिचंही दूध कमी झालं होतं. आणि तिला एकदम उमगलं. पाणी वाया कधी जातच नव्हतं! भुई ते पीत होती आणि खाली वाडीला पाजत होती. आपण आईच्याच तोंडाला बूच मारलं, मग पान्हा फुटेल कुठून?

ती खाली बसली आणि नखांनी माती उकरायला लागली. माती उन्हानं विटेसारखी झालेली. बोटं फुटली, रक्त आलं, मातीखाली कातळ लागला तरी हात थांबेनात. हेच ते ओरखडे. तोंड मोकळं झालं तशी तिनं घागर ओतली आणि म्हणाली, "आई, चुकले मी. पोटात घे."

भुई ते घटाघटा प्याली, असं सांगतात. तहानलेलं माणूस पितं तसा आवाज झाला.

मग झालं ते ऐका. आभाळात ढग म्हणून नव्हता. पण समुद्राकडून धुकं उठलं, दरी चढलं आणि सड्यावर येऊन बसलं, असं दाट की आवडीला स्वतःचे हात दिसेनात. वाफ होऊन गेलेलं पाणीच घर शोधत परत आलं, म्हणे. गवताच्या काडीकाडीला थेंब लागले, कातळाला घाम फुटला. पावसाचा थेंबही पडला नाही आणि सगळा सडा पाझरायला लागला! चहूकडून बारीक बारीक ओघळ निघाले ते या एका तोंडाकडे. आवडी हात जोडून बसून राहिली. अंगावर काटा येतो बघा, अजून.

खाली भिकाय नातवाला काखेत घेऊन कोरड्या पान्ह्याशी उभी होती. आधी दगड ओला झाला. मग धार आली, आणि ती पिवळी होती! भिकायनं ओंजळ भरली, वास घेतला. हळद घरचीच, तिनं स्वतःच्या हातानं कांडलेली. तिला सगळं कळलं. मान वर करून तिनं सड्याकडे हाक दिली, "घेतलं गो बाय, पोटात घेतलं! ये खाली, पोर भुकेलंय!"

आजही वाडीत नवी सून आली की पहिली घागर ती पान्ह्यावर भरून इथवर चढवते, हळद घालून या तोंडात ओतते आणि "पोटात घे" म्हणते. सासू खाली पान्ह्याशी उभी असते. पाणी दर वेळी पिवळं होतंच असं नाही, खोटं कशाला बोलू? पण सासूनं ओंजळ भरायची आणि वर हाक द्यायची, "घेतलं!" ती हाक कानावर पडल्याशिवाय सून खाली उतरत नाही.